वीरभद्रअप्पांचं मागचं चाक

इंजिन बंद पडलं तर माणूस शिव्या घालत घरी चालत येतो. ब्रेक ढिले झाले तर ते पायाला आधी कळतं. मागच्या चाकाचं तसं नाही. ते बसणाऱ्याच्या पाठीमागे, नजरेआड फिरत असतं आणि बिघडतं तेही गुपचूप. परभणीच्या स्टेशन रोडवर फटफट्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. इंजिन खोलताना हात कधी थरथरला नाही, पण कुणी येऊन म्हणालं की मिस्त्री, मागं जरा रुंद टायर टाकून द्या, की आजही माझ्या छातीत धस्स होतं.

ज्या दिवसांची ही गोष्ट आहे तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार काळ लोटला नव्हता. लढाईच्या काळातल्या लष्करी फटफट्या लिलावात निघायच्या आणि फिरत फिरत आमच्या भागात यायच्या. खाकी रंगाच्या, रेड्यासारख्या जड. पुढे स्प्रिंगा आणि मागे नुसता लोखंडी सांगाडा. मागे बसणाऱ्याची गादी थेट मागच्या मडगार्डवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावरच, बोल्टांनी आवळलेली असे. सुटे भाग मिळत नसत. एक गाडी मेली की तिच्या अंगावरचं काढून चार गाड्या जगवायच्या, असा आमचा धंदा.

दुकान इब्राहीमचाचांचं. ते पूर्वी एका जहागीरदाराची मोटार हाकत आणि तिची देखभालही करत. जहागीर गेली, मोटार गेली, चाचांच्या हातातली विद्या तेवढी राहिली. पत्र्याच्या छपराखाली त्यांनी दुकान टाकलं. मी त्यांच्याकडे शिकलो आणि पुढे त्यांनीच मला भागीदार करून घेतलं. ते दखनी बोलायचे, मी मराठी. भांडणं दोन्ही भाषांत व्हायची.

वीरभद्रअप्पा पोखर्णीकडचे. लिंगायत घर, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. आठवडी बाजारांत लुगडी आणि खण विकण्याचा त्यांचा धंदा होता. त्यांच्या पत्नी महादेवीबाई सुइणीचं सरकारी शिक्षण घेऊन आलेल्या. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. खेड्यातून बाळंतपणाचा सांगावा यायचा, त्या बैलगाडीत बसून निघायच्या आणि पोचेपर्यंत कधी मूल गेलेलं असायचं, कधी आई. एकदा अशाच घरून परत आल्यावर बाई कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. अप्पांनी कापडाचा धंदा गुंडाळला आणि लिलावातली फटफटी घेतली. तेव्हापासून बायकोला मागे बसवून ते गावोगाव नेत. बाजारातली मंडळी तोंड लपवून हसायची, बायको कमावती अन् नवरा डायवर म्हणायची. अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

उरुसाच्या दिवसांत एका सकाळी अप्पा फटफटी ढकलत दुकानासमोर आले. मागोमाग नर्सबाई, हातात बाळंतपणाची बॅग. अप्पांची तक्रार अशी, की गाडी ओढत नाही आणि रबर जळल्यावानी वास यायलाय.

मी मागे जाऊन पाहिलं. मूळचा टायर गायब होता आणि त्या जागी चांगला रुंद, जाड टायर चढवलेला होता. विचारलं तेव्हा कळलं, की गोदावरीच्या वाळूत जुना टायर सुरीसारखा रुतायचा. बाईंना उतरून बॅग डोक्यावर घेऊन चालावं लागायचं. म्हणून एका लॉऱ्यांच्या टायरवाल्याकडून अप्पांनी हा रुंद टायर घेतला. त्यानं तो टामीनं आणि हातोड्यानं ठोकून जुन्याच रिमवर बसवून दिला आणि जुना टायर ठेवून घेतला.

अप्पांची मागणी चुकीची नव्हती. वाळूत आणि आमच्या काळ्या मातीत रुंद टायर खरंच उपयोगी पडतो, वजन पसरून घेतो. पण टायर म्हणजे टोपी नव्हे, की थोडी मोठी झाली तरी डोक्यावर बसली. त्याला त्याच्या मापाची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आवळल्या जातात, तो कांद्यासारखा फुगतो आणि गाडी वळणावर डोलते. शिवाय तो नुसता रुंद नसतो, उंचही असतो. एका बाजूला चेन, दुसऱ्या बाजूला सांगाड्याचा पाइप, वरती मडगार्ड. या सगळ्यांत त्याला मोकळं फिरता आलं पाहिजे. तेही गाडी रिकामी उभी असताना नव्हे, तर माणसं बसून ती धावत असताना.

स्टँडवर लावून मी चाक फिरवलं. छान फिरलं. कुठं घासत नव्हतं. चाचा बिडी ओढत बघत होते. ते म्हणाले, "बाई को बिठा के देख."

अप्पांना हँडल धरायला लावलं आणि नर्सबाईंना मागच्या गादीवर बसायला सांगितलं. त्या बसल्या तसा मडगार्डचा पत्रा किंचित खाली दबला. मी चाक फिरवलं. खर्रकन आवाज झाला आणि चाक अडलं.

गादी आवळणाऱ्या बोल्टचं टोक पत्र्यातून खाली आलेलं होतं. बाई बसल्या की ते टोक टायरवर टेकत होतं. गाडी चालली की टायर कापत होतं. बाईंना उतरवून मी कंदील जवळ घेतला आणि चाक हळूहळू फिरवत गेलो. टायरच्या मधोमध, नांगराचं तास असावं तशी खाच सगळीकडे पडलेली. एका जागी टायर रिमवर वाकडा बसून वर आला होता, तिथं खाच सगळ्यात खोल होती. मी त्या खाचेत बोट घातलं. रबर संपलं, आतले दोरे तुटलेले लागले आणि मग बोटाला काहीतरी मऊ, ताणलेलं लागलं. ती ट्यूब होती.

मी बोट तसंच ठेवून चाचांकडे पाहिलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि ते तिथंच जमिनीवर बसले.

कालपासून ही गाडी कुठं कुठं गेली, असं मी विचारलं. नर्सबाईंनी सांगितलं की कालच नदीपलीकडून एक अडलेली बाळंतीण त्यांनी दवाखान्यात आणली होती. कशावर आणली? याच गाडीवर. अप्पा पुढे, मध्ये ती बाई, मागे तिला धरून नर्सबाई. गादीवर दोघींचं वजन. एवढा सगळा रस्ता त्या ट्यूबवर कातडीएवढंही रबर नव्हतं. कधी फुटली असती ते कुणीच सांगू शकत नव्हतं. कशी फुटली नाही ते मला आजही सांगता येत नाही.

"अप्पा, हे तुमाला दिसलं न्हाई?" मी जरा रागानंच विचारलं.

अप्पा म्हणाले, "न्हाई दिसलं."

तेवढ्यात दवाखान्याकडून शोधत शोधत एक माणूस दुकानापाशी आला. पोखर्णीच्या पुढच्या एका गावचा शेतकरी. त्याची सून रात्रीपासून अडली होती. त्यानं बाईंपुढे हात जोडले. अप्पा लगेच गाडीला हात घालून म्हणाले, एवढी एक खेप होऊ द्या, आल्यावर काय करायचं ते करा. मी व्हॉल्व्ह काढला आणि खिशात टाकला. टायरमधली हवा फुस्स करून निघून गेली. अप्पांचा चेहरा पांढरा पडला. शेतकरी माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मी त्याच्या सुनेचा गळा दाबला.

मला दुसरं काही सुचलं नव्हतं, हे खरं. पर्याय चाचांना सुचला. त्यांची स्वतःची तसलीच लष्करी फटफटी दुकानाच्या मागे असायची. तिला ते मलाही हात लावू देत नसत. ते उठले, पाना घेऊन मागे गेले आणि आपल्या गाडीचं मागचं चाक खोलून घेऊन आले. अरुंद, पण धड. बोल्टचं टोक कानशीनं घासून त्यांनी पत्र्याबरोबर केलं, चाक बसवलं, बाईंना बसवून पुन्हा फिरवून पाहिलं आणि बाजूला झाले. वाळू लागली तर उतरून चाला, एवढंच म्हणाले. अप्पा आणि बाई गेले. त्या दिवशी आमच्या दोघांच्याही हातून दुसरं काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी सून आणि मूल दोन्ही सुखरूप असल्याचा निरोप आला तेव्हा चाचांनी कुठं नवी बिडी पेटवली.

मग आम्ही रुंद टायरचं काम रीतसर हाती घेतलं. ते काम आठवलं की अजून बरं वाटतं. आजकाल असं काम कुणी करत नाही, तयार चाकच विकत मिळतं. पूर्ण्याच्या एका भंगारवाल्याकडे बाजूगाडीच्या, म्हणजे साइडकारच्या, मोडक्या फटफटीची रुंद रिम मिळाली. तिच्यात अप्पांच्या चाकाचा मधला तुंबा बसवून चाचांनी नव्यानं तारा ओवल्या आणि एकेक तार आवळत, ढिली करत चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. दुसरा चांगला टायर मिळवला. साबणाचं पाणी लावून तो हातानं बसवला, हातोडा लागू दिला नाही. थोडी हवा, मग पुन्हा सोडायची, मग पुन्हा भरायची. असं केलं की टायरची कड रिमच्या खोबणीत सगळीकडे सारखी बसते. चेन घासू नये म्हणून दोन्ही दातेरी चक्र्यांखाली सारख्या जाडीच्या चकत्या घालून ती बाहेर सरकवली. मडगार्ड उचलून धरलं, कारण आमची काळी माती पत्र्याखाली गच्च भरली तर फिरतं चाक जागीच अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. आणि ती गादी आम्ही मडगार्डवरून काढूनच टाकली. लोहाराकडून लोखंडी पाय करून घेतले आणि ती थेट सांगाड्यावर बसवली. आता पाठीमागे हत्ती बसला तरी पत्रा दबणार नव्हता. शेवटी पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं.

गाडी न्यायला दोघं आले. मालधक्क्याच्या बाजूला तेव्हा मोकळं मैदान होतं. आम्ही गाडी तिथं नेली. रुंद टायरची गाडी वळायला थोडी जड लागते, म्हणून आधी एकट्यानं चालवून सवय करायची आणि मग कुणाला मागे घ्यायचं, असा चाचांचा नियम. अप्पा म्हणाले, बाई बसू द्या की मागं. चाचा नक्को म्हणाले. अप्पा घुटमळले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बसले आणि निघाले.

गाडी सुंदर चालत होती. डोलत नव्हती, घासत नव्हती. मी खुशीत होतो. मैदानाच्या मध्यावर कुणीतरी बैल सोडून एक गाडी उभी करून ठेवली होती, जू जमिनीला टेकलेलं. भर उन्हात ती लांबूनही दिसत होती. अप्पा सरळ तिच्याकडे निघाले. मला वाटलं, आता वळतील. वळले नाहीत. मला वाटलं, मुद्दाम जवळ जाऊन वळणार. वेगही कमी झाला नाही. चाचा पळत सुटले.

"डावीकडं!" नर्सबाई ओरडल्या.

बाईंचा आवाज कानावर पडताच गाडी डावीकडे वळली. अप्पांनी मान वर केली नाही, इकडे तिकडे पाहिलं नाही. लगाम ओढल्यावर घोडा वळतो तसे ते वळले. बैलगाडीचं चाक हातभर अंतरावरून निघून गेलं. बाई पुढे बोलतच होत्या, हळू, सरळ, आता थांबा. आणि तो माणूस तसं तसं करत आमच्यापाशी येऊन थांबला.

  मग बाईंनीच सांगितलं. वर्षभरापूर्वीपासून अप्पांची नजर चालली होती. हैदराबादला नेऊन दाखवलं. आतली नस सुकत चालली आहे, इलाज नाही, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. रस्त्याची कड, कुंपण, झाडं दिसायची, म्हणून चालता यायचं आणि कुणाला संशय यायचा नाही. पण ज्याच्याकडे सरळ बघावं, नेमकं तेच नाहीसं व्हायचं. मागे बसून बाई सांगत राहायच्या. दगड हाय, बैल आलाय, खड्डा. रस्ताभर त्यांचं तोंड बंद नसायचं आणि बघणाऱ्यांना वाटायचं, काय गप्पा रंगल्यात नवराबायकोच्या.

टायरची ती खाच मी कंदील धरून अप्पांच्या डोळ्यांपुढे फिरवली होती. दिसलं न्हाई म्हणाले तेव्हा ते अगदी खरं बोलत होते. त्या कापलेल्या टायरवर, मध्ये अडलेली बाई बसवून, गोदावरीची वाळू ज्यानं ओलांडली त्याला समोरचं दिसत नव्हतं. हे एकावर एक माझ्या डोक्यात शिरत गेलं तसा मी गार पडत गेलो. ट्यूबला बोट लागलं तेव्हाही मला एवढं भ्या वाटलं नव्हतं.

चाचांनी गाडीची किल्ली काढून घेतली. ही गाडी तुम्हाला मिळणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. अप्पा प्रथम चिडले, मग खाली बसले. त्यांच्या बोलण्याचा सगळा रोख एकच होता. मी थांबलो तर हिला कोण नेणार? पुन्हा बैलगाडी, पुन्हा उशीर. आणि लोकांना कळलं तर आजवर हसत होते, आता कीव करतील. हसलेलं चालतं, असं ते म्हणाले.

नर्सबाई इतका वेळ गाडीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चाचा, मला शिकवा."

मी आधी समजलोच नाही. समजलं तेव्हा मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलं. त्या काळात परभणीत बाईमाणूस सायकलवर दिसायची मारामार. नऊवारी नेसलेली बाई ही एवढी मोठी लष्करी फटफटी चालवणार?  चाचांनी अप्पांकडे वळून विचारलं, तुमचं काय म्हणणं? अप्पा बराच वेळ भस्माची बोटं चोळत बसले. शेवटी म्हणाले, रस्ता तर तीच बघती. हँडल तिनं धरलं तर काय बिघडलं?

सकाळी लवकर, मैदानात कुणी नसताना शिकवणी चालायची. चाचा बाजूनं पळायचे, मी पुढून इशारे करायचो. क्लचला वेळ लागला, गिअर बदलताना गाडी सशासारख्या उड्या मारायची. पण तोल आणि वळण यांत बाईंना शिकवण्यासारखं फारसं नव्हतंच. इतके दिवस गाडी खरं तर त्याच चालवत होत्या, फक्त तोंडानं. ज्या दिवशी त्या पहिल्यांदा स्टेशन रोडवरून गेल्या, कासोटा घट्ट आवळलेला, पदर खोचलेला, मागे अप्पा मांडीवर बॅग घेऊन, त्या दिवशी टांगेवाल्यांनी टांगे थांबवले. एका हलवायाचा झारा कढईत पडला. आमच्या दुकानासमोरून त्या गेल्या तेव्हा मी सवयीनं फक्त मागच्या चाकाकडे पाहिलं. ते सरळ रेषेत फिरत होतं.

पुढे काही महिन्यांनी एका मळ्यातलं ऑइल इंजिन दुरुस्त करायला मी राणीसावरगावला गेलो होतो. दुपारी गावात शिरलो तर लिंबाखाली आमची रुंद टायरची फटफटी उभी. समोरच्या घरात नर्सबाई बाळंतपण करत होत्या. बाहेर पारावर अप्पा बसलेले, भोवती गावची माणसं. त्यांनी मला ओळखलं ते आवाजावरून.

त्या गावात बाईंची ही पहिलीच खेप असावी. गाडी गावात आली तेव्हा बहुतेक माणसं शेतात होती. एका म्हाताऱ्या पाटलांना भारी कौतुक. एवढ्या वाळूतून, चढावरून अप्पांनी गाडी कशी आणली, ते पुन्हा पुन्हा विचारत होते. अप्पा आधी हो-ना करत राहिले. मला वाटलं, विषय बदलतील. मीच काहीतरी बोलून बदलावा असंही मनात आलं. तेवढ्यात अप्पांनी मान वर केली.

"पाटील, मला डोळ्यानं दिसत न्हाई," ते म्हणाले. "गाडी बाई चालवती. मी मागं बसतो."

 पाटलांच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. त्यांनी एकदा त्या अवजड गाडीकडे पाहिलं, एकदा त्या घराच्या बंद दाराकडे पाहिलं, मग अप्पांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. अप्पांचे डोळे त्यांच्या कानाच्या बाजूला कुठंतरी लागलेले होते. त्या सगळ्यांच्या तोंडावर मला तेच दिसलं जे मैदानात माझ्या तोंडावर असणार.  हसतात की कीव करतात, एवढाच प्रश्न उरला होता.

पाटलांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. खूप विचार करून, अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "मग एवढ्या मोठ्या गाडीला कीक कोन मारतंय?"

अप्पा ताठ बसले.

"कीक मी मारतो," ते म्हणाले.